तानूआत्याचा पहारा

दगडूमामानं पहार डोक्याच्या वर नेली, तेव्हा मी वाकून गोलपुढच्या डीची अर्धगोल रेघ मारत होते. फक्कीचं घमेलं माझ्या कमरेवर होतं आणि पहारेचं टोक माझ्या ताज्या, पांढऱ्याशुभ्र रेघेवर रोखलेलं होतं.

“मामा! काय करताय?”

“चर खणतोय. चुलवणाचा चर. सरक बाजूला, पोरी. उद्या सप्त्याच्या काल्याचा परसाद हाय, आख्खं गाव जेवणार. येवढी मोठी काहिली काय तुझ्या डोस्क्यावर ठिवू?”

“पर हितं आज आमची मॅच हाय!”

“मॅच?” दगडूमामा मागच्या दोघा गड्यांकडं वळला. “ऐकलं का रं? मॅच हाय म्हनं.”

गडी हसले. पहार खाली आली. माझी रेघ मधोमध तुटली.

मी तेव्हा आंबेजळ कन्या हॉकी मंडळाची गोलकीपर होते. नावानं बहिणा, हाकेला बैना. जिल्हा लीगच्या ब गटात खेळायचो आम्ही. पेपरात आमचं नाव यायचं नाही, आणि आलंच एखादवेळी, तर आंबेजळच्या जागी भलत्याच गावाचं छापून यायचं. सकाळी धारा काढून, शेणकूट उरकून पोरी देवळासमोरच्या माळावर जमायच्या. स्टिका मोडल्या की त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळायची. बॉलचा रंग उडाला की देवळाच्या सफेदीतला उरलासुरला चुना त्याला फासायचा. माझे पॅड तर रेहानाच्या अब्बांनी शिवलेले. ते पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरणारे. जुनी ताडपत्री, आत बांबूच्या कामट्या आणि ठासून भरलेला कापूस. दर सामन्याआधी ते पॅड मांडीवर घेऊन झोडायचे आणि म्हणायचे, “बेटा, गादी समजून बनवलेत. पण झोपू नको हां यांच्यावर.”

रेहाना आमची कप्तान. आणि आम्हाला शिकवणारे सुभेदार कणसे, पलटणीत हॉकी खेळलेले. मोठा तालेवार माणूस, पण गावात पंचांपुढं आवाज कधी चढायचा नाही त्यांचा.

त्या दिवशीचा सामना हंगामातला शेवटचा. पाहुणा संघ साखर कारखान्याच्या कॉलनीचा. आम्हाला जिंकायलाही नको होतं, नुसतं हरायचं नव्हतं. बरोबरी झाली तरी लीगमध्ये राहत होतो. पण ज्याच्या गावात सामना, त्यानं मैदान द्यायचं, असा नियम. मैदान नसलं की सामना गेला. सामना गेला की लीग गेली. आणि लीग गेली की स्टिका शाळेच्या फडताळात आणि आम्ही ज्याच्या त्याच्या लग्नाच्या मांडवात. रेहानाला तर बघायला माणसं येऊनही गेली होती. घरच्यांनी त्यांना एवढंच सांगून थोपवलं होतं, “हंगाम संपू द्या.”

आता कुणी म्हणेल, सप्ताहाची मंडळी म्हणजे तुझी वैरीच की. छे. तीच तर माझी अडचण होती.

सप्ताह म्हणजे माझा जीव होता. अजून आहे. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांनी डोळे मिटून पहिला सूर लावला, मृदंगावर थाप पडली, मागं टाळकऱ्यांची पावलं एकदम उचलली की माझ्या अंगावर सरसरून काटा येतो. आमच्या संघात सामन्याच्या पहिल्या अर्ध्याला पूर्वरंग म्हणायचे आणि दुसऱ्याला उत्तररंग, ते माझ्यामुळंच. रेहानासुद्धा म्हणायची. “पूर्वरंगात नुसतं समजून घ्या त्यांना,” ती सांगायची, “गोष्ट उत्तररंगात सांगू.”

तर अशी मी. हरिनामाच्या कामाला आडवं जायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि इथं हरिनामाचीच पहार माझ्या डीमध्ये घुसली होती.

सुभेदार धावत आले. तेवढ्यात देवळाकडून संपतआप्पाही आले. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, खांद्यावर उपरणं. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

“आप्पा,” सुभेदार म्हणाले, “तुम्हीच म्हणाला होता, खुशाल खेळा.”

“म्हनलो आसंन. दिवसाकाठी सतरा जनांना सतरा गोष्टी म्हंतो मी.”

“चर दरसाल देवळामागं असतो.”

“यंदा तितं पाव्हण्यांच्या गाड्या लावायच्यात. मोठी मोठी मानसं येनार हाईत काल्याला. त्यांच्या गाड्या काय उन्हात तापत ठिवू?”

“आप्पा, जिल्ह्याहून अंपायर यायचाय…”

“सुभेदार, पाकिस्तानशी लढाई हाय का ही? पोरींचा खेळ. आज न्हाई तर परवा खेळा.” मग त्यांनी आमच्या स्कर्टांकडं पाहिलं आणि नजर लगेच देवळाच्या कळसावर नेली. “आन् येक सांगतो. हितं हरिनाम चाललंय. त्याच्या दारात उघड्या पायांनी नाचनं शोभतं का?”

“आप्पा,” रेहाना म्हणाली, “आमी नाचत न्हाई. पळतो.”

“त्येच त्ये.”

“त्येच कसं? नाचताना मानूस जागच्या जागी ऱ्हातं.”

आप्पांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. “दगडू, खण.”

दगडूमामानं आणखी दोन घाव घातले. माती निघाली. चराची आखणी डीच्या तोंडापासून थेट गोलच्या मागंपर्यंत होती. एकदा तिथं जाळ पेटला की पुढं कितीतरी पावसाळे ती जमीन भाजलेलीच राहणार. नेमकी तेव्हाच कारखान्याची गाडी माळाशी येऊन थांबली. नव्या कोऱ्या निळ्या कपड्यांतल्या मुली उतरल्या. त्यांच्यामागून अंपायर पिंटो सर. त्यांनी मैदान पाहिलं, खड्डा पाहिला, घड्याळ पाहिलं.

“कणसेसाहेब, वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण वेळेला ग्राउंड तयार नसेल, तर मला सामना कारखान्याला द्यावा लागेल.”

सुभेदारांनी मान खाली घातली. पलटणीतला माणूस तो. पण समोर शत्रू नव्हता, समोर देऊळ होतं.

“चरात उतरून बसू,” रेहाना कुजबुजली. “खणतील कसं?”

“उचलून बाहेर काढतील,” मी म्हणाले.

“मग तू तुझ्या देवाला सांग की काहीतरी!”

मी काय सांगणार? मी देवळाकडं पाहिलं. आणि तेव्हाच ऐकू आलं. तुण, तुण. तुण, तुण.

वीणा देवळाबाहेर येत होती.

सप्ताह न पाहिलेल्या माणसाला हे सांगायला हवं. अखंड सप्ताह म्हणजे सात दिवस वीणा खाली टेकत नाही. कुणीतरी ती गळ्यात अडकवून, नाम घेत उभं असतं. त्याला पहारा म्हणतात. एकाचा पहारा संपला की पुढच्यानं यायचं, त्याच्या पाया पडायचं, आणि गळ्यातली वीणा गळ्यात घ्यायची. मध्ये भुई नाही, मध्ये खुंटी नाही. पहारेकऱ्याच्या गळ्यातून वीणा कुणी ओढून घेत नाही. हे पहारे आप्पा स्वतः नेमून द्यायचे. रात्रीचे, पहाटेचे पुरुषांना. भर दुपारचे बायकांना. कारण दुपारी देवळाच्या सभामंडपाचा पत्रा तापून तव्यासारखा व्हायचा आणि पुरुष मंडळी जेवून ओवरीत आडवी व्हायची. त्या दिवशी दुपारी पहिला पहारा माझ्या तानूआत्याचा, तिच्यानंतर खुद्द आप्पांच्या बायकोचा, म्हणजे रखमाकाकींचा, आणि दिवस कलल्यावर माझा. सामना संपवून आंघोळ करून मी जाणार होते.

तानूआत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. लवकर कपाळ पांढरं झालेली, आमच्याकडंच राहायची. तिनं आमचा सामना कधी पाहिलेला नव्हता. माझा खेळायचा स्कर्ट ती धुवायची खरी, पण दोरीवर वाळत घालताना त्याच्यावरून आपलं लुगडं पसरायची, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यामुळं ती उन्हातून अनवाणी चालत येताना दिसली तेव्हा मला वाटलं, झालं. आता हिची बोलणी खायची.

ती आली ती सरळ दगडूमामाच्या खड्ड्यापाशी. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खड्ड्याच्या तोंडाशी, नेमकी जिथं पुढचा घाव पडायचा तिथं पाय जुळवून उभी राहिली. तुण, तुण. रामकृष्ण हरी.

दगडूमामाची पहार हवेतच राहिली.

“तानूबाई,” आप्पा म्हणाले, “हे काय? वीणा घिऊन कुठं निगालीस?”

“पहाऱ्यावर.”

“पहारा देवळात आसतोय.”

“आसं कुनी सांगितलं? दिंडीत वीणा गावभर फिरती. तवा सप्ता कुठं आसतो, आप्पा? देवळात का वीण्यासंगं?”

याचं उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“त्ये दिंडीचं निराळं,” ते म्हणाले.

“निराळं कसं? हरी येकच हाय न्हवं?” तुण, तुण. “आन् काल बुवा कीर्तनात काय म्हनले? तुमी म्होरं बसला हुता, लोडाला टेकून. बुवा म्हनले, आमच्या देवाच्या हातात ना तलवार, ना धनुष्य. त्यानं निस्ते हात कमरेवर ठिवले आन् हुबा ऱ्हायला. म्हनले, मोठी मोठी मारनारी आली आन् गेली, हुबा ऱ्हायलेला अजून हुबा हाय. मी म्हनलं, आप्पांनी मान डोलावली, म्हंजी पटलंया त्यास्नी.”

कुणीतरी फिसकन हसलं. बहुधा कारखान्याची एखादी मुलगी.

“तानूबाई, सरक. कामाचा खोळंबा हुतोय.”

आत्या दगडूमामाकडं वळली. आवाज मऊ, जसा ती मला जेवायला वाढताना असायचा तसा. “दगडू, तुज्या हातात पहार हाय, माज्या गळ्यात पहारा हाय. बघ बाबा, कुनाचं वजन जास्त भरतंय.”

दगडूमामानं पहार हळूच जमिनीवर आडवी ठेवली. वाकून आत्याच्या पायाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला. “आप्पा,” तो म्हणाला, “मला न्हाई जमायचं. लेकरंबाळं हाईत मला.”

आप्पांचा चेहरा तांबडा झाला होता. पण ते कच्चे नव्हते. क्षणभरानं त्यांनी उपरणं झटकलं आणि हसले. “बरं. हिचा पहारा किती वेळ? पुढचा पहारा आमच्याच घरातला हाय. वीणा देवळात गेली की खणायला लागा. तवर खेळा म्हनावं पोरीस्नी.” त्यांनी लिंबाच्या सावलीत खुर्ची मागवली आणि बसून राहिले.

आम्ही हातांनी खड्डा बुजवला, पायांनी चोपला. पिंटो सर जवळ आले आणि आत्यापुढं जरा घुटमळले. “आजी, मैदानाच्या आत उभं राहता येणार नाही हो. नियम आहे.”

“रेघेच्या आत न्हाई. येवढंच न्हवं?”

“एवढंच.”

आत्या चालत गेली आणि गोलच्या मागं, बरोबर मध्यावर उभी राहिली. आमच्या गोलची जाळी कशी होती म्हणाल, तर जाळीपेक्षा भोकंच जास्त. मी तिच्याकडं धावले.

“आत्या, बाजूला हो गं. बॉल आत आला तर थेट वीण्याला लागंल. भोपळा फुटंल.”

“आत कशापायी यील?”

“अगं, मॅच हाय ही! येतो कधी कधी!”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. पॅड, हातमोजे, स्कर्ट, सगळं. “मग तू कशाला हाईस?” ती म्हणाली, आणि डोळे मिटून नामाला लागली.

शिट्टी झाली.

कारखान्याच्या मुली आमच्यापेक्षा उंच, दमानं पक्क्या. त्यांच्याकडं प्रत्येकीला आपापले बूट होते. आमच्यात हौसा आणि मंदा यांच्यात एकच जोड, त्यामुळं एक आत गेली की दुसरी बाहेर बसून बूट यायची वाट बघायची. पूर्वरंगभर चेंडू आमच्याच अर्ध्यात नांदायला आल्यासारखा राहिला. मी पायानं मारला, स्टिकनं मारला, एकदा तर अंगावर झेलला. दरवेळी मागून तेच, तुण तुण, ना घाई ना भीती. मी नेहमी गोलमध्ये मनात नाम घ्यायची. त्या दिवशी घ्यावं लागलं नाही. ते माझ्या पाठीला येऊन टेकत होतं.

गावही हळूहळू जमलं. आधी ओवरीतली माणसं डोळे चोळत आली, वीणा कुठं गेली म्हणून. मग टाळकरी आले. वीणा इथं आहे म्हटल्यावर तेही तिच्यामागं ओळीनं उभे राहिले आणि टाळ धरले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. जिथं वीणा तिथं टाळ, एवढंच त्यांना ठाऊक.

मध्यंतराची शिट्टी झाली. अजून गोल कुणाचाच नव्हता. सुभेदार मिठाचं लिंबू वाटत होते, पण कुणाचं लक्ष लिंबाकडं नव्हतं. देवळाच्या बाजूनं रखमाकाकी येत होत्या. न्हालेल्या, ओल्या केसांची गाठ मारलेली, कपाळावर आडवं कुंकू. आप्पा खुर्चीतून उठले.

“रखमा, घे वीणा आन् देवळात चल.”

रखमाकाकींनी मान हलवली. आत्याच्या पाया पडल्या. आत्या त्यांच्या पाया पडली. वीणा आत्याच्या गळ्यातून निघून काकींच्या गळ्यात गेली. तार एकदाही थांबली नाही.

मग काकी देवळाकडं वळल्या. चालू लागल्या.

रेहानानं माझा हात धरला. दगडूमामा पहारेशी जाऊन उभा राहिला. बिचारा, त्याला तरी कुठं हौस होती. पिंटो सरांनी शिट्टी तोंडातून काढली. आत्या पदरानं मान पुसत नुसती बघत राहिली.

काकी लिंबापर्यंत गेल्या. आप्पांच्या खुर्चीला वळसा घातला. आणि तशाच फिरून परत आल्या, गोलच्या मागं, आत्या उभी होती तिथंच.

“रखमा!”

“हितं वारा बरा लागतोय.”

“आगं, देवळात चल म्हनतोय मी!”

“सभामंडपाचा पत्रा तापलाय. तुमी दुपारचं कधी हुबं ऱ्हायलाय का तितं?” काकींनी डोळे मिटले. “मी नाम घेतीया. मधी मधी बोलू नगा, खाडा हुतोय.”

टाळकऱ्यांतल्या एका म्हाताऱ्यानं एवढ्या जोरात टाळ वाजवला की त्याच्यातच त्याचं हसू बुडालं. आप्पा खुर्चीत बसले. नंतर त्यांनी खुर्ची थोडी वळवून घेतली. देवळाकडं नाही, मैदानाकडं.

“चला,” रेहाना म्हणाली, “उत्तररंग.”

बाजू बदलायच्या होत्या, पण वीणा हलायची नाही म्हटल्यावर पिंटो सरांनी दोन्ही कप्तानांना विचारून त्या तशाच ठेवल्या. उत्तररंगात आमच्या पोरी वेगळ्याच खेळल्या. हौसा एका पायात बूट घालून धावली, दुसरा मंदाच्या पायात. रेहानाचा एक फटका त्यांच्या गोलच्या खांबाला लागून परत आला. गाव ओरडायला शिकलं. ज्यांना हॉकी कशाशी खातात ठाऊक नव्हतं, ते पिंटो सरांना नियम सांगायला लागले.

आणि अगदी शेवटी शॉर्ट कॉर्नर, म्हणजे डीच्या टोकावरून थेट गोलवर फटका मारायची संधी, त्यांना मिळाला.

मारायला त्यांची फुलबॅक आली. हात कसे, तर ऊस तोडणाऱ्या गड्यासारखे. पिंटो सरांनी घड्याळाकडं पाहून सांगितलं, हा शेवटचा. मी मागं वळून पाहिलं. काकींच्या हातातली वीणा उन्हात चकाकत होती. भोपळा पिवळाधमक, जुना, किती पिढ्यांच्या घामानं गुळगुळीत झालेला. तो माझ्या गुडघ्याच्या उंचीवर नव्हता, छातीच्या उंचीवर होता. आणि त्या मुलीचे फटके उचलून येत होते.

“काकी, जरा बाजूला…”

“म्होरं बघ,” आत्या म्हणाली.

बॉल निघाला. थांबला. मारला.

मला तो दिसला असं मी आज म्हणणार नाही. मी पुढं झेपावले आणि दोन्ही पाय आडवे फेकले. धप्प असा आवाज झाला, गादीवर काठी बसावी तसा. माझ्या डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. मला वाटलं, फक्की उडाली. फक्की नव्हती, कापूस होता. पॅडची शिवण उसवून कापूस वर उडाला होता आणि उन्हात तरंगत होता. बॉल माझ्या पायांपाशी पडून होता. रेहानानं तो असा काही हाणला की तो रस्त्यापलीकडं कुणाच्या तरी मेथीत गेला.

शिट्टी. लांबलचक.

मागं तुण, तुण.

पोरी माझ्या अंगावर पडल्या. सुभेदार टोपी काढून नुसते उभे होते, ती पुन्हा घालायची विसरून. बांधावरून रेहानाचे अब्बा ओरडत होते, “शिवून देतो! पुन्हा शिवून देतो!” आम्ही लीगमध्ये राहिलो होतो. शेवटून दुसऱ्या, पण राहिलो होतो.

मी उठते तोवर आत्या समोर. “बूट काढ,” ती म्हणाली.

“आं?”

“दिस कलला. पहारा तुजा हाय.”

“आत्या, आंघोळ न्हाई झाली माझी. हे कपडे असे…”

“घामानं न्हालीस की. याच्यापरास सोवळी आंघोळ कुठली?”

मी बूट काढले. पॅड सोडायला वाकले, तर तिनं हात धरला. “ऱ्हाऊ दे. त्ये लागत्यात पहाऱ्याला.”

मी रखमाकाकींच्या पाया पडले. त्या माझ्या पाया पडल्या, पॅडला हात लावून. वीणा माझ्या गळ्यात आली. वाटली होती त्याहून जड होती, आणि काकींच्या अंगाची ऊब तिला अजून होती. आत्यानं माझ्या कपाळाला बुक्का लावला.

“आत्या,” मी हळूच विचारलं, “तुला खेळ आवडला व्हय गं?”

“मला काय कळतंय त्यातलं? काठ्या घिऊन पळताय निस्त्या.” तिनं माझे विस्कटलेले केस कानामागं सारले. “आगं, जन्म गेला माजा दुपारच्या पहाऱ्याला. बायकांनी उन्हात हुबं ऱ्हायाचं, का, तर सावलीच्या येळा दुसऱ्यांच्या. ऱ्हायले. देवासाठीच हाय म्हनून ऱ्हायले. आज म्हनलं, उन्हात हुबं ऱ्हायाचंच हाय, तर जागा तरी माज्या मर्जीची.”

मग ती टाळकऱ्यांकडं वळून खणखणीत म्हणाली, “चला रं, वीणा देवळात निगाली!”

मी चालू लागले. मागं टाळ, त्यांच्यामागं आमचा संघ, आणि सगळ्यांच्या मागं निळ्या कपड्यांतल्या कारखान्याच्या मुलीसुद्धा, कारण त्यांना कुणी थांबा म्हणालं नव्हतं. देवळामागून पहारेचे घाव ऐकू येत होते. पाहुण्यांच्या गाड्या उद्या रस्त्यावर उन्हात तापणार होत्या आणि दगडूमामा दरसालच्या जागी चर खणत होता. त्याला तसं कुणी सांगितलं, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

देवळाच्या दारात मंडळी उठून उभी राहिली. वीणा आत येताना बसून राहायचं नसतं. एकेक जण वाकून पाया पडत होता. बुवा पडले, पालखीचे भोई पडले, म्हातारे पडले. शेवटी आप्पा समोर आले. क्षणभर उभे राहिले. मी थांबले नाही, तार थांबवली नाही, नजर खाली केली नाही.

आप्पा वाकले. माझ्या पॅडला हात लावला, कपाळ टेकवलं. उठले तेव्हा बुक्क्याशेजारी कापसाचा एक पुंजका चिकटला होता.

“बैना,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “देवळात येताना पाय तरी झाकायचेस.”

“झाकलेत की, आप्पा,” मी म्हणाले. “आपल्या गावच्या कापसानं.”

आणि उंबरा ओलांडून, देवासमोर, पाय जुळवून उभी राहिले.